हायब्रिड रेणू: क्षयासाठी बनवायचा की कर्करोगासाठी?

दोन औषधांचे कामाचे भाग एकाच रेणूत आणायचे, ही कल्पना दोन्ही रोगांत चालते. म्हणून बरेच जण रेणूंची एकच मालिका बनवतात आणि दोन्हीकडे तपासायला पाठवतात. माझं मत उलट आहे: आधी रोग ठरवा, मग कागदावर रेणू काढा. माणसाची पेशी मारणं हे कर्करोगात उद्दिष्ट आहे, क्षयात तोच दोष. एखादा रेणू क्षयजंतू आणि कर्कपेशी सारख्याच मात्रेत मारत असेल, तर तो बहुधा सरसकट विषारी आहे. क्षयाचं औषध महिनोन्महिने घ्यावं लागतं. त्यामुळे व्हेरो पेशींना (माकडाच्या मूत्रपिंडातल्या, विषारीपणा तपासायच्या पेशी) घातक ठरणारी मात्रा एमआयसीच्या, म्हणजे जंतूंची वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेच्या, निदान दहापट असावी, अशी अपेक्षा सहसा धरतात.

क्षयात सगळ्यांना मोह पडतो तो आयसोनियाझिड या जुन्या औषधाचा. त्याच्या हायड्राझाइड टोकावर अल्डिहाइडची क्रिया केली की एका टप्प्यात हायड्राझोन, म्हणजे जोडलेला रेणू, तयार! पण हा बंध आम्लात तुटतो आणि आयसोनियाझिड मोकळं होतं. मग एच३७आरव्ही या प्रयोगशाळेतल्या प्रमाणित क्षयजंतूवर मिळालेला छान आकडा नव्या रेणूचा की जुन्या औषधाचा? ज्या जंतूंत आयसोनियाझिडला सक्रिय करणारं कॅटजी विकर निकामी झालंय, त्यांच्यावर तपासून बघा. तिथे परिणाम गायब झाला, तर हाती नवं काही लागलेलं नाही. कर्करोगात मात्र आम्लात तुटणारा दुवा (दोन भाग जोडणारा तुकडा) मुद्दाम वापरतात, कारण पेशीतल्या लायसोसोम या पचन करणाऱ्या पिशव्यांमध्ये आम्लता जास्त असते.

प्रमाणाचा प्रश्न त्याहून अवघड. आयसोनियाझिड वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम देतात, रिफॅम्पिसिन हे क्षयाचं दुसरं औषध १०. रेणूभार अनुक्रमे १३७ आणि ८२३. म्हणजे रेणू मोजले तर आयसोनियाझिड रिफॅम्पिसिनच्या तिप्पट लागतं. दोघांना दुव्याने बांधलं की प्रमाण १:१ वर अडकलं, आणि रेणूभार ९०० च्या वर गेला.

म्हणून मला दुव्यापेक्षा एकमेकांत मिसळलेली रचना आवडते, आणि तिचं उत्तम उदाहरण कर्करोगातलं आहे. सीयूडीसी-१०१ या रेणूत एर्लोटिनिब या कर्करोगाच्या औषधासारखा क्विनाझोलिन गाभा आहे आणि शेपटीला व्होरिनोस्टॅट या दुसऱ्या औषधाचं हायड्रॉक्सॅमिक आम्ल. गाभा ईजीएफआर या पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनाच्या खाचेत बसतो, शेपूट बाहेर राहून एचडीएसी हे जनुकांचं काम नियंत्रित करणारं विकर गाठते. एवढं करून रेणूभार फक्त ४३४. तो मानवी चाचण्यांपर्यंत गेला, मान्यता मात्र मिळालेली नाही. उलट एस्ट्रामस्टिन या कर्करोगाच्या औषधात एस्ट्राडायॉल या संप्रेरकाला नायट्रोजन मस्टर्ड हा डीएनएवर मारा करणारा भाग जोडलं होतं. डीएनएवर मारा होईल ही अपेक्षा, प्रत्यक्षात परिणाम दिसला पेशीचा सांगाडा असलेल्या सूक्ष्मनलिकांवर. तेव्हा दोन्ही लक्ष्यांवरचा परिणाम पेशीच्या आत वेगवेगळा मोजा.

सोयीचं म्हणाल तर कर्कपेशींची चाचणी साधारण ७२ तासांत होते. क्षयजंतू दुप्पट व्हायलाच जवळपास एक दिवस घेतो, आणि जिवंत घातक जंतूंसाठी जैवसुरक्षा पातळी ३ ची प्रयोगशाळा लागते. अशी प्रयोगशाळा आणि औषधांना दाद न देणारे जंतू देणारा सहकारी मिळणार असेल, तर क्षय घ्या. तिथे नव्या रेणूंची निकड मोठी आहे. मिळणार नसेल, तर कर्करोग घ्या, पण निरोगी पेशींवरची चाचणी पहिल्याच फेरीत करा.