पोमोडोरो की वेळेचे कप्पे?

मावसबहीण नोकरी सांभाळून एमपीएससीचा अभ्यास करते. परवा तिने विचारलं, "ताई, पोमोडोरो करू की दिवसाचे आधीच कप्पे पाडू? संध्याकाळपर्यंत जीव पार थकतो गं."

खर्च दोन्हींचा जवळजवळ शून्य. एकाला टायमर पुरतो, दुसऱ्याला वही.

पोमोडोरो ही इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थीदशेत बसवलेली पद्धत. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विसावा, चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. आधीची तयारी फारशी नाही. पुस्तक उघडणंच जड जातं तेव्हा ती हमखास कामी येते. पण निबंधाचा सूर लागलेला असताना घंटा वाजली की तंद्री तुटते. शिवाय आज काय सोडून द्यायचं, हे टायमर सांगत नाही.

कप्पे म्हणजे कोणत्या वेळी कोणतं काम, हे आधीच आखून ठेवणं. त्यासाठी आदल्या रात्री दहाएक मिनिटं बसावं लागतं. लोकल चुकली, पाहुणे आले, की पुढचं सगळं कोलमडतं. म्हणून रोज एक तास मोकळा ठेवायचाच. पण इतकी कामं दिवसात मावत नाहीत, हे कागदावर आधीच दिसतं आणि वेळेवर 'नाही' म्हणता येतं. माझ्या मते थकव्याचं मूळ 'नाही' न म्हणण्यातच आहे. झोपेचा कप्पा सगळ्यात आधी आखावा, उरलेल्या वेळात नव्हे.

चालढकल होत असेल तर पोमोडोरो. घर, नोकरी, अभ्यास तिन्हीकडून ओढ असेल तर कप्पे. तिला मी कप्पेच सुचवले. चालू घडामोडींच्या कंटाळवाण्या तासाला मात्र टायमर लाव म्हटलं.