सव्वाशे वर्षांची पैठणी आणि मोडीतला कागद

मुंबईतल्या एका कपड्यांच्या दुकानासाठी मी जुन्या साड्या विकत घेते. या कामाला अकरा वर्षं झाली. चांगल्या अवस्थेतल्या साड्या आम्ही तशाच विकतो. ज्यांचं अंग विरलंय त्यांचे पदर-काठ नव्या रेशमावर चढवतो आणि तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. त्यासाठी मी गावोगाव जाते, लोकांच्या माळ्यावरच्या ट्रंका उघडून बघते. गेल्या आषाढात याच कामात मी ४ लाख ४० हजार रुपयांना फसले. पैसे दुकानाचे होते, निर्णय माझा होता. आता कळलंय की हीच माणसं माझ्याआधी पुण्यातल्या एका बाईंकडेही जाऊन आली होती. आणखी कुणाकडे जातील म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

सुरुवात एका फोननं झाली. पलीकडचा माणूस चाळिशीचा वाटला, बोलणं अदबीचं. 'ताई, मामाकडचं जुनं घराणं आहे, सातारा जिल्ह्यातलं. आजींच्या तीन लुगड्यांचं काहीतरी करायचंय. बोहारणीला देववत नाही.' हे शेवटचं वाक्य मला लागलं. जुनी जरीची वस्त्रं घेणारे लोक दारोदार फिरतात, वजनावर भाव करतात आणि चांदीसाठी ती जाळून टाकतात. अशा किती पैठण्यांची राख झाली असेल, या विचारानं मला झोप न लागलेल्या रात्री आहेत. त्याला माझ्याबद्दल हे कुणीतरी सांगितलं असावं.

तो दादरला तीन साड्या घेऊन आला. एक काळी चंद्रकळा, लाल काठाची, आणि दोन नऊवारी पैठण्या, त्यातली एक पोपटी. मी त्या नेहमीसारख्या खिडकीपाशी नेऊन पूर्ण उलगडल्या. पैठणीचा पदर हातमागावर धागा धाग्यात अडकवून विणलेला असतो, त्यामुळे उलटी बाजूही जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. तशीच होती. काठाच्या कडेला बारीक भोकांची ओळ होती. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टाचण्या तिथे रुतलेल्या असतात. जरीचा एक सुटा धागा आमच्या ओळखीच्या सराफाकडे पाठवला. चांदी निघाली, वर सोन्याचा मुलामा. तिन्ही अस्सल. तिन्हींचे मिळून त्यानं ५४ हजार मागितले. माझ्या अंदाजाच्या निम्म्यावर. मी चेक दिला आणि मनातल्या मनात त्या आजींना नमस्कार केला.

तिथेच थांबून विचार करायला हवा होता. ५४ हजारांत त्यानं मला साड्या विकल्या नव्हत्या, माझा विश्वास विकत घेतला होता.

दहा दिवसांनी पुन्हा फोन आला. वाडा विकायचा आहे, आवराआवर चाललीय, अजून अकरा साड्या निघाल्यात. पण आजी त्या बाहेर नेऊ देत नाहीत, ज्या बाई घेणार त्यांना एकदा बघायचंय म्हणतात. मी दुसऱ्या दिवशी निघाले.

वाडा खराखुरा होता. चौक, तुळशीवृंदावन, ओसरीवर झोपाळा. बाहेर धुवांधार पाऊस, वीज गेलेली, आत एकच इन्व्हर्टरचा दिवा. आजी नऊवारीत, पांढऱ्याशुभ्र केसांचा बुचडा घातलेल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि माहेर कुठलं ते विचारलं. येवल्याजवळचं म्हटल्यावर म्हणाल्या, 'म्हणजे पैठणीच्याच घरची की गं!' भिंतीवर एका नववधूचा पिवळट पडलेला फोटो होता, त्या आजेसासूबाई. मग ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेल्या घड्या आणि सगळ्यांत वर मोडी लिपीतला एक कागद, कडा झिजलेला. 'आजेसासूबाईंच्या लग्नातली याद आहे ही. कुठलं लुगडं कुणी दिलं, सगळं लिहिलंय,' आजी म्हणाल्या.

मला मोडी येत नाही. वाचता न येणारं ते अक्षर खरं वाटायला पुरेसं होतं.

वरच्या दोन घड्या मी उलगडल्या. पहिली अप्रतिम होती, बांगडीमोराचा म्हणजे गोलात मोर विणलेला पदर, काठाला मुनिया म्हणजे छोट्या पोपटांची नक्षी. दुसरीचा पदरही जुना, अस्सल. तिसरीला हात घातला तेव्हा आजी म्हणाल्या, 'इतक्या सर्द हवेत सगळ्या उघडू नकोस बाळा, जर काळी पडते.' हे खरंच आहे. दमट हवेत जर काळवंडते, मी स्वतः लोकांना हेच सांगते. त्यांनी जे जे सांगितलं त्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणून ते इतकं सहज गळी उतरलं. मग त्या सुनेला म्हणाल्या, 'सूनबाई, ताईंची ओटी भर.' खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. मी वाकून नमस्कार केला. आजींनी पाठीवरून हात फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या पर्समध्ये भिंग होतं. कसोटीचा दगडही होता. पण ज्या घरानं आत्ताच माझी ओटी भरली, त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईसमोर तिच्या सासरचं लुगडं उलटंपालटं करायचं, जर खरवडून बघायची, हे मला जमलं नाही. उरलेल्या नऊ साड्या मी घडीच्या कडेवरून पाहिल्या. काळवंडलेली जर, इथे तिथे कसर लागल्यासारखी भोकं, वास जुना. मला त्या जुन्या वाटल्या, कारण मला त्या जुन्या हव्या होत्या.

भाव ठरला ४ लाख ४० हजार. पैसे तीन खात्यांवर पाठवायचे होते, फोन करणाऱ्या त्या भाच्याच्या, सुनेच्या आणि 'आजींचं सगळं बघतो' त्या कुणाच्या तरी. वाडा वाटणीचा आहे, असं कारण सांगितलं. उद्या दुसरे घेणारे येणार होते. मी ओसरीवरूनच दुकानाच्या हिशेबनिसांना फोन केला आणि त्यांच्या नको-नकोला न जुमानता पैसे पाठवायला लावले. निघताना तो माणूस म्हणाला, 'ताई, सव्वाशे वर्षांच्या आहेत. परदेशात पाठवा, दुप्पट येतील.' आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही, हे मला माहीत आहे. जुन्या घराण्यातल्या माणसाला ते माहीत नसेलही, पण मला तरी ते तिथल्या तिथे खटकायला हवं होतं. मी फक्त मान डोलावली.

त्यानंतर आठवडाभर मी नाशिक-येवल्याकडे फिरतीवर होते. साड्या मुंबईला पोचल्या आणि आमच्या रफूगार चाचांपुढे गेल्या त्या नवव्या दिवशी. चाचा मूळचे नजीबाबादचे, पिढीजात रफूगार. त्यांनी तिसरी साडी उलगडली, एका भोकाच्या कडेवरून नख फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, 'ये कीड़े का काम नहीं है बेटा. अगरबत्ती का है.'

कसरीनं खाल्लेल्या भोकाची कड वेडीवाकडी, मऊ, कुरतडलेली असते. ही भोकं गोल होती आणि त्यांची कड टणक, नखाला बारीक मण्यासारखी लागत होती. रेशीम जळलं तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरगळते. वितळून मणी होतो तो कृत्रिम धाग्याचा. मग आम्ही सगळ्याच उलगडल्या. उलट्या बाजूला सुटे लोंबते धागे, यंत्रमागावरचं काम. खरी जर हवा लागते तिथे काळी पडते, म्हणजे घडीच्या बाहेरच्या अंगाला. आतल्या घडीत ती चमकत असते. या साड्यांची जर आतून-बाहेरून एकसारखी काळी होती, कशात तरी बुडवून केलेली. पन्नास-साठ वर्षं एकाच घडीत पडलेली जरीची साडी घडीवर चिरते. इथे एकही चीर नव्हती. अंगाचा पिवळसरपणा चहाचा किंवा हिरड्याचा असावा. सराफाच्या यंत्रावर जरीत तांबं आणि वर चांदीचा पातळ थर दिसला, आणि दोन साड्यांत तर निव्वळ प्लास्टिकची जर. दुसऱ्या घडीतल्या ज्या पदरावर मी भाळले होते, तो खरोखर जुना होता, पण नव्या अंगाला जोडलेला, आणि शिवण काठाच्या दुमडीत लपवलेली. अकरांत अस्सल फक्त एक, सगळ्यांत वरची.

मोडीचा कागद मी पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलेल्या एका काकांकडे नेला. त्यांनी तो दोन मिनिटांत वाचला. दोन बैल आणि जोंधळ्यांच्या बदल्यात घेतलेल्या कर्जाची नोंद होती ती. कुणा शेतकऱ्याचा कागद. त्यात ना लग्न होतं, ना लुगडं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी कदाचित हे लिहिलं नसतं. पण वाड्यावरून परतताना गाडीतूनच मी काही फोटो आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंना पाठवले होते. मुलीच्या लग्नासाठी त्यांना जुनी पैठणी हवी होती. त्यांनी चौथ्या घडीतली, जांभळी, फोटोवरूनच ठरवली आणि आगाऊ पैसे दिले. आजेसासूबाईंची सगळी गोष्ट मीच त्यांना रंगवून सांगितली होती, भिंतीवरच्या नववधूच्या फोटोसकट. साडी खोटी आहे हे सांगायला फोन केला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'मी तो फोटो मोठा करून फ्रेम करून घेतला होता. लग्नात ठेवणार होते, या साडीच्या पहिल्या नवरीचा म्हणून.' पैसे आम्ही त्याच दिवशी परत केले. ती फ्रेम त्यांनी काय केली ते विचारायचा धीर मला झाला नाही. मला कुणीतरी खोटं सांगितलं आणि मी ते माझ्या तोंडानं पुढे विकलं. पैशांपेक्षा हे मला जास्त बोचतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर मी फोन केला, तक्रार नोंदली गेली, पण तोवर नऊ दिवस उलटले होते आणि तिन्ही खाती रिकामी होती. पैसे गेल्यापासूनचे पहिले काही तास मोलाचे असतात, तेव्हाच ते वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. पोलीस ठाण्यात आधी 'हा दिवाणी मामला आहे, माल पसंत करून घेतलात ना' असं ऐकावं लागलं. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ वं कलम, अगरबत्तीची भोकं, सराफाचा अहवाल आणि मोडीचं वाचन असं सगळं कागदावर मांडून दिल्यावर गुन्हा दाखल झाला. वाडा लग्नाआधीच्या फोटोंसाठी दिवसाच्या भाड्यानं मिळतो, हे तेव्हा कळलं. मालकांना काहीच ठाऊक नव्हतं. पुण्यातल्या त्या बाईंना आजी वेगळ्याच वाड्यात भेटल्या होत्या. भिंतीवरचा फोटो तोच होता, फक्त तिथे ती आजींची आत्या होती.

आता मी गोष्ट शेवटी ऐकते. चहासुद्धा नंतर. आधी प्रत्येक घडी उजेडात, पूर्ण, उलटी-सुलटी. पाऊस असेल किंवा वीज नसेल तर दुसऱ्या दिवशी येते म्हणून सांगते. ज्यांचा माल खरा असतो त्यांना याचा राग येत नाही, उलट त्या बायकाच मदतीला पदर धरून उभ्या राहतात. काळ्या उजेडाचा, म्हणजे अतिनील किरणांचा, एक छोटा टॉर्च घेतलाय. नव्या काळचे धागे त्यात निळसर पांढरे चमकतात. मात्र अस्सल जुनी साडी कुणी हल्लीच्या पावडरीत धुतली असेल तर तीही चमकते, म्हणून एवढ्यावर निकाल देत नाही. रेशमाची शंका असेल तर सिल्क मार्क, म्हणजे शुद्ध रेशमाची हमी देणारं लेबल, त्याच्या केंद्रात तपासून घेते. ते लेबल साडीला लागलेलं असेल, तर मात्र ती जुनी असल्याचं कुणी सांगू नये. सिल्क मार्क आलं २००४ साली. कागद मोडीत असेल तर वाचून घेतल्याशिवाय त्याला कागद म्हणत नाही. पैसे एकाच खात्यावर, विकणाऱ्याच्या नावाच्या, आणि माल आमच्या टेबलावर तपासून झाल्यानंतर. पहिला व्यवहार चांगला झाला म्हणून दुसऱ्याला सूट नाही. ओटी कुणी भरलीच तर आनंदानं घेते, पण भिंग आधी बाहेर काढून ठेवलेलं असतं.

पोलिसांनी दुसऱ्या खेपेच्या साड्या पंचनामा करून नेल्या. पहिल्या खेपेतल्या तिन्ही साड्यांचीही मी त्यांना माहिती दिली. त्या आमच्याकडेच ठेवायला सांगितलंय, आणि त्या विकायच्या नाहीत असं मी दुकानात लिहून दिलंय. कारण त्या अस्सल आहेत, म्हणजे कुणाच्या तरी घरातून आल्या आहेत. चोरून, फसवून की बोहारणीच्या गाठोड्यातून, ते मला माहीत नाही. काळी चंद्रकळा बहुतेक कुणाच्या तरी पहिल्या संक्रांतीची असावी. पदराजवळ हळदीचा फिकट डाग आहे, एका टोकाला अगदी बारीक टाक्यांचा रफू आहे, आणि काठाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्यानं दोन अक्षरं टाचलेली आहेत. कोणती, ते मी इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरातली ती असेल, त्यांना ती सांगता येतील.