अ‍ॅडव्हान्स्ड रायडिंगचं ट्रेनिंग: आठ महिने आणि एका पावसाळ्यानंतर

ऑफिसात सगळे एकच विचारतात, "पैसे वसूल झाले का?" झाले. पण ज्यासाठी भरले होते त्यासाठी नाही.

मी मुलुंडला राहतो, ऑफिस सीप्झजवळ. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, मग जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), जाऊन-येऊन रोज पंचवीसेक किलोमीटर. गाडी युनिकॉर्न, पाच वर्षं जुनी. बारा वर्षं बाइक चालवतोय, त्यामुळे शिकायला काही उरलंय असं कधी वाटलंच नव्हतं. मागच्या वर्षी जूनमध्ये कांजूरजवळ पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला, मी घाबरून पायाचा ब्रेक दाबला, मागचं चाक लॉक होऊन गाडी आडवी झाली. कोपर सोलवटलं, बाकी निभावलं. एबीएस म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा; माझ्या गाडीला ती सिंगल चॅनेल आहे, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक लॉक होऊ शकतं, हे मला रस्त्यावर पडल्यावर कळलं. बायको म्हणाली, आता एकदा नीट शिकून ये.

फेब्रुवारीत नवी मुंबईत दोन दिवसांचा कोर्स केला, साडेसात हजार रुपये. मला शिकायचे होते घाटातले कॉर्नर. जुन्या हायवेने खंडाळा चढताना वळणावर गाडी बाहेर जाते, ते सुधारायचं होतं. काउंटरस्टीअरिंग तिथे शिकलो. वेगात असताना उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल हलकेच पुढे ढकलायचं. हे आपण सगळे नकळत करतोच, पण जाणीवपूर्वक केलं की गाडी कमी जागेत आणि पटकन झुकते. खंडाळ्यात मला याचा उपयोग दोनदा झाला. जेव्हीएलआरवर खड्डा चुकवताना रोज होतो. त्यातलीच दुसरी गोष्ट नजरेची. खड्ड्याकडे बघत राहिलं की गाडी खड्ड्यातच जाते, म्हणून शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायचं. ऐकायला साधं आहे, पण डोळ्यांना ही सवय लागायला मला महिना लागला.

खरे पैसे वसूल झाले ते ब्रेकिंगमध्ये. जोरात थांबताना गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. पण तो झटक्यात आवळायचा नाही. आधी हलका दाबायचा, शॉकअप खाली बसू द्यायचे, टायरवर भार आला की मग दाब वाढवत न्यायचा. आणि पूर्ण ब्रेक मारत असताना वळायचं नाही. टायरची पकड एकच असते, ती ब्रेकला तरी द्या नाहीतर वळणाला. सरांनी ताशी ४० च्या वेगाने येऊन दोन विटांच्या पुढे थांबायला लावलं. पहिल्या दिवशी सकाळी मी १४ मीटरमध्ये थांबलो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेनऊ मीटरमध्ये. गाडी तीच, टायर तेच. त्या साडेचार मीटरमध्ये एक रिक्षा आरामात मावते.

आता नीट ऐका, कारण हे कोर्सची जाहिरात सांगत नाही. मे महिन्याच्या शेवटी पावसाआधी मी घराजवळच्या एका बंद रस्त्यावर टेप लावून तीच चाचणी पुन्हा घेतली. तोवर एकदाही सराव केला नव्हता. आले १२ मीटर. शिकलेल्यातलं अर्ध्याहून जास्त तीन महिन्यांत गेलं होतं! तेव्हापासून महिन्यातून दोन रविवारी सकाळी दहा-दहा ब्रेक मारतो. गेल्या आठवड्यात कोरड्या रस्त्यावर पुन्हा दहा मीटरच्या आत आलो. सराव करणार नसाल, तर हे साडेसात हजार टायर आणि चांगल्या हेल्मेटवर घाला, मी मनापासून सांगतोय.

दुसरी तक्रार पावसाची. दोन दिवसांत ओल्या रस्त्यावर एकही फेरी नव्हती. मुंबईत गाडी चालवणाऱ्याला चार महिने ओले पेव्हर ब्लॉक, लोखंडी झाकणं आणि मेट्रोच्या बॅरिकेडशेजारचा चिखल यांतून जावं लागतं. ते सगळं मी जुलैत स्वतःच शिकलो, वेग कमी ठेवून आणि पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवून.

मार्चमध्ये माझ्याकडून एक चूक झाली. कॉर्नर जमायला लागल्यावर खंडाळ्यात माझा वेग वाढला. बायको मागे होती, तिने खांदा घट्ट धरला तेव्हा मला भान आलं. ताशी ६० च्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते, आणि तेवढा वेळ तर ब्रेककडे बोट जाण्यातच निघून जातो. वेग दुप्पट केला की ब्रेकिंगचं अंतर चौपट होतं. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, तरी मी विसरलो. २०१० मध्ये कोक्रेन या आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने बाइकस्वारांच्या ट्रेनिंगवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. अभ्यासांचा दर्जाच इतका कमी होता की ट्रेनिंगने अपघात घटतात की नाही, यावर त्यांना निष्कर्ष काढता आला नाही. मार्चमधला मी आठवला की मला ते पटतं.

नवीन लायसन्सवाल्यांनी घाई करू नये. आधी वर्षभर गाडी हातात बसू द्या. स्कूटरवाल्यांनी आधी विचारून घ्या, कारण कॉम्बी ब्रेकच्या स्कूटरवर डावा लिव्हर दोन्ही चाकांना ब्रेक लावतो आणि तिथे सवय वेगळी लागते. आमच्या बॅचमधल्या एका ताईंना दोन्ही दिवस गिअरच्या गाडीचाच सराव बघत बसावं लागलं.

ऑगस्टमध्ये पवईला एक रिक्षा डावीकडून थेट समोर आली. पाय हलला नाही, बोटं आपोआप दाबत गेली आणि गाडी सरळ थांबली. मागे बसलेली बायको म्हणाली, "झटका बसलाच नाही." या रविवारी मेव्हणा त्याची गाडी घेऊन येतोय. टेप त्यालाच धरायला सांगितली आहे.