आखडलेल्या खांद्यावर अ‍ॅक्युपंक्चर : सोलापुरातील एका दवाखान्याविषयी

आईचा उजवा खांदा आखडला तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी फ्रोझन शोल्डरचे निदान करून व्यायाम सांगितले होते. परंतु हात थोडा वर नेताच अशी कळ येई की व्यायाम नावापुरताच होई. आई मधुमेही असल्यामुळे वेदनाशामक गोळ्या फार काळ देणे आम्हाला योग्य वाटेना, म्हणून आम्ही रेल्वे लाइन्स भागातील एका अ‍ॅक्युपंक्चर (शरीरात ठरावीक जागी बारीक सुया टोचून करायचा उपचार) दवाखान्यात गेलो.

तेथील डॉक्टर बाईंनी सुईला हात लावण्यापूर्वी रक्तातील साखर, रक्त पातळ करणारी औषधे, पेसमेकर अशी सारी चौकशी करून नोंद केली. सुया सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या, आमच्यासमोर निर्जंतुक पाकिटातून काढलेल्या आणि एकदाच वापरायच्या. काही सुया खांद्याभोवती लावल्या. मात्र एक सुई गुडघा आणि घोटा यांच्या मधोमध, नडगीच्या बाहेरच्या अंगाला टोचून ती हलकेच फिरवत त्यांनी आईला हात वर न्यायला सांगितले. टोचणे जेमतेम जाणवले. आत जडपणा आणि मुंग्या आल्या, आणि चिकित्सकाला हीच जाणीव अपेक्षित असते. काही आठवड्यांनी आई स्वतःची वेणी स्वतः घालू लागली. ठणका उतरल्यामुळे व्यायाम करता आले आणि हात मोकळा झाला तो व्यायामाने, असे बाईंनीच स्पष्ट सांगितले.

हा प्रांजळपणा महत्त्वाचा आहे, कारण खऱ्या आणि बनावट सुयांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत दोहोंतील फरक बेताचाच दिसतो. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ही पद्धत वापरू नये असे म्हटले, तर २०२१ मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेसाठी (जिच्यामागे दुसरा आजार स्पष्टपणे सापडत नाही अशा दीर्घकाळच्या दुखण्यासाठी) तिचा विचार करण्यास हरकत नाही असे सांगितले. त्यामुळे सर्व रोगांवर हमखास गुणाची ग्वाही देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे. महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा चिकित्सकाचे नोंदणी प्रमाणपत्र अवश्य पाहावे. येथे ते दर्शनी भिंतीवरच आहे.

त्याच भिंतीवर मूळच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे छायाचित्र पाहून सोलापूरकर म्हणून समाधान वाटले. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या त्यांच्या वैद्यकीय पथकातील सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू यांनीच पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून कोलकात्यात रुग्णांवर उपचार सुरू केले.

पुढे भाच्याचा पाय खेळताना मुरगळून घोटा टम्म सुजला, तेव्हा आम्ही हक्काने येथेच आलो. त्याला त्या पायावर भार देता येत नाही हे पाहून बाईंनी सुया न लावता आधी एक्स-रे काढायला पाठवले आणि शुल्कही घेतले नाही. माझा विश्वास बसला तो या प्रसंगाने.

उणीव एकच, पण मोठी आहे. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. गुडघेदुखीचे वृद्ध रुग्ण कठड्याला धरून चढताना पाहवत नाहीत. तळमजल्यावर जागा घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.