बंड्याचा कान परत आला! रेस्क्यूच्या नावाने साडेएक्केचाळीस हजार गेले त्याची गोष्ट

खूप दिवस लिहू की नको चाललं होतं कारण लाज वाटते, आणि सोसायटीतले लोकही हे वाचणार, पण आता परत उत्तरायण (इथली पतंगांची संक्रांत) येतंय आणि पक्षी वाचवा, कुत्री वाचवा वाले क्यूआर कोड सगळ्या ग्रुपवर फिरायला लागलेत म्हणून लिहूनच टाकते.

आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. 2024 च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आमची मगरींची नदी विश्वामित्री फुगली, पार्किंगमध्ये कमरेपर्यंत पाणी, तीन दिवस लाइट नाही, आणि कुठेही काही काळं तरंगताना दिसलं की सगळे ओरडायचे मगर मगर. आमच्या गल्लीतला कुत्रा बंड्या (तांबूस रंगाचा, पाच वर्षांचा, पुढच्या डाव्या पायाला पांढरा मोजा घातल्यासारखं) ते तीन दिवस आमच्या जिन्यात होता. पाणी उतरलं, रस्ते सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी कोणाची तरी गाडी त्याच्या मागच्या पायावरून गेली. पाय लटकत होता. ओरडत पण नव्हता, नुसता बघत होता, ते मला अजून विसरता येत नाही.

आता इथे माझी पहिली चूक. गुजरातमध्ये 1962 नंबर आहे, करुणा अॅम्ब्युलन्स, बेवारस जनावरांवर येऊन फुकट उपचार करतात. मला नंबर माहीत होता, पण डोक्यात असं की तो गाई-म्हशींसाठी असणार आणि एवढ्या पुरात कोण येणार. फोन केलाच नाही. त्याऐवजी इन्स्टावर शोधलं. एक पेज सापडलं, भरपूर फॉलोअर, जखमी पिल्लं, आधी आणि नंतरचे फोटो, मागे रडकं म्युझिक. नंबर लावला तर पलीकडून चक्क मराठी! "ताई, काळजी करू नका, अर्ध्या तासात पोचतो." आपल्या बडोदेकरांचं माहितीये ना, बाहेर कोणी मराठी बोललं की आपण विरघळतोच. सासूबाई तर म्हणाल्या, आपलाच मुलगा आहे, चांगल्या घरचा वाटतो.

खरंच अर्ध्या तासात आला. व्हॅन, त्यावर पंजाचं स्टिकर, अंगात संस्थेचं नाव छापलेला टीशर्ट, बरोबर अजून एक पोरगा. बंड्याला चादरीत घेऊन इतकं हळू उचललं की माझ्या मुलाच्या डोळ्यात पाणी आलं. जाताना एक्सरे आणि गाडीभाड्याचे 5,500 घेतले. जीपे केलं तेव्हा स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं, मी विचारलं, तर म्हणाला ट्रस्टच्या अकाउंटला आज लिमिट संपलीय, हे आमच्या मॅडमचं. पुराचे दिवस, मी म्हटलं असेल बाबा.

तीन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर एक्सरेचा फोटो. हाड दोन ठिकाणी मोडलंय, प्लेट टाकावी लागेल, 22,000, आज नाही केलं तर पाय कापावा लागेल. "आज" हा शब्द लक्षात ठेवा, प्रत्येक वेळी सगळं आजच असायचं. मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, लोकांनी भराभर दिले, 16,000 जमले, बाकीचे आम्ही घातले. आणि सगळ्यांना छान वाटलं हो. समोरच्या काकू ज्या बंड्याला रोज काठी दाखवायच्या त्यांनीसुद्धा 500 दिले.

मग ऑक्टोबरमध्ये मेसेज, की ताई याला परत रस्त्यावर सोडला तर जगणार नाही, कायमचा शेल्टरमध्ये ठेवू, महिन्याला 3,500, आणि नसबंदी आम्ही आमच्याकडून फ्री केली. खाली फोटो, तांबूस कान, टोकाला व्ही आकाराचा कट. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला असा कट देतात, म्हणजे परत पकडायची वेळ येऊ नये, हे मला माहीत होतं त्यामुळे उलट विश्वास अजून वाढला. फोटोत फक्त कान होता. पूर्ण कुत्रा नव्हता. कोणाच्या लक्षात येतंय.

भेटायला यायचं म्हटलं की कारण तयार. एकदा व्हॅन बिघडली, एकदा डॉक्टर व्हिजिट, आणि मग पार्वो, कुत्र्यांचा साथीचा आजार. "शेल्टरमध्ये पार्वो पसरलाय ताई, चपलेला लागून येतो-जातो, पिल्लं मरतील." हे खोटं नाहीये बरं का, पार्वो खरंच तसा पसरतो आणि लस न झालेली पिल्लं हगवण-उलट्यांनी दोन-तीन दिवसात जातात. म्हणूनच मी गप्प बसले. थोडं खरं मिसळलेलं असलं की खोटं पटकन पचतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच होतं. रविवारी वाघोडिया रोडच्याही पुढे गाडी काढून जायचं, वास, भुंकणं, त्यापेक्षा महिन्याला 3,500 पाठवले की मन मोकळं. मी कुत्र्यासाठी पैसे देत होते की न जाण्यासाठी, हा प्रश्न मला आता पडतो.

11 जानेवारीला सकाळी चौथा हप्ता पाठवला. संध्याकाळी "आजचा व्हिडिओ" आला, बंड्या बिस्किट खातोय, कॅमेरा जवळून, फक्त तोंड आणि छाती. अगदी बंड्याच. आम्ही सगळे खूश, सासूबाईंनी दोनदा बघितला. माझा मुलगा, वय दहा, मोबाइल हातात घेऊन म्हणाला, "आई, बंड्याचा कान परत आला!"

दोन्ही कान पूर्ण. टोकदार. कट नाही, काही नाही.

कापलेला कान उगवत नसतो. म्हणजे व्हिडिओ आधीचा, उचलून नेला त्या आठवड्यातला असणार, किंवा तो कान बंड्याचा नव्हताच. मी फोन लावला आणि सरळ विचारलं. आधी म्हणाला अँगल आहे ताई, मग म्हणाला दुसऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ चुकून आला असेल. मी म्हटलं उद्या सकाळी येते, तर आवाजच बदलला, "तुम्ही लोक पैसे देता म्हणून मालक झालात का?" आणि ब्लॉक. ताई वगैरे सगळं गेलं.

नवऱ्याने त्याच रात्री 1930 ला फोन केला, सायबर फ्रॉडचा नंबर, वेबसाइटवरही तक्रार टाकली. त्यामुळे एवढंच झालं की सकाळचे 3,500 पुढच्या अकाउंटमध्ये होल्ड झाले. आधीचे 38,000 केव्हाच कुठल्या कुठे. जे काय करायचं ते त्याच दिवशी, त्याच तासात, उद्या बघू म्हटलं की पैसे चार अकाउंट पुढे.

दुसऱ्या दिवशी पावतीवर होता त्या पत्त्यावर गेलो. पत्र्याची शेड, सहा पिंजरे, दोन कुत्री, दोन्ही काळी. तिथल्या चौकीदार काकांना बंड्याचा फोटो दाखवला. म्हणाले, "अहीं कोई कूतरां राखता नथी बेन, वीडियो उतारवा आवे छे." म्हणजे इथे कुत्री ठेवतच नाहीत, व्हिडिओ काढायला येतात! एका भिंतीला निळा पडदा, वर संस्थेचं नाव, त्याच्या मागे सिमेंटच्या गोण्या. तो पडदा मी पन्नास रील्समध्ये पाहिलेला होता.

एक्सरे आमच्या ओळखीच्या व्हेट डॉक्टरांना दाखवला. त्यांनी झूम करून हाडाच्या टोकाशी एक बारीक काळी रेघ दाखवली, म्हणाले ही वाढीची जागा अजून उघडी आहे, कुत्रा वर्षाच्या आतला आहे, पाच वर्षांच्या कुत्र्यात ही भरून गेलेली असते. म्हणजे एक्सरे कुठल्यातरी पिल्लाचा. आणि खऱ्या एक्सरेवर तारीख, नाव काहीतरी असतं, ह्याचा तो भाग क्रॉप केलेला. मी चार महिने तो फोटो मोबाइलमध्ये घेऊन फिरत होते, एकदाही कोणाला दाखवला नाही.

पावतीचं पण ऐका. त्यावर 80जी नंबर (देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते तो) छापलेला होता, मला वाटलं सरकारी काहीतरी आहे म्हणजे खरं. नवऱ्याने इन्कम टॅक्सच्या साइटवर टाकून पाहिलं तर तो दुसऱ्याच राज्यातल्या एका ट्रस्टचा. शिवाय माझा पॅन त्यांनी कधी मागितलाच नव्हता. खरी संस्था ह्या सुटीसाठी पॅन मागते कारण तिला डिटेल्स सरकारला भरावे लागतात आणि नंतर तुम्हाला देणगीचं सर्टिफिकेट द्यावं लागतं, नुसती रंगीत पावती चालत नाही. आणि कॅश दिली तर 2,000 च्या वर सूटच नाही. हे मला सगळं नंतर कळलं, आमच्या घरात सीए असूनही (नवरा नाही, दीर, आणि त्याने नंतर जे ऐकवलं ते लिहीत नाही).

नसबंदीचं तर अजूनच. 2023 चे एबीसी (रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीचे) नियम आहेत, त्यात नसबंदीचं काम करणाऱ्या संस्थेला प्राणी कल्याण मंडळाची मान्यता लागते, आणि रस्त्यावरचा कुत्रा ऑपरेशन, रेबीजची लस झाली की जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. मी हे आधी वाचलं असतं तर ऑक्टोबरातच विचारलं असतं की बाबा तुमच्या मान्यतेचा कागद दाखव.

ह्या सगळ्यात एक चांगलं झालं, खऱ्या रेस्क्यूवाल्यांची ओळख झाली. आणि सांगू का, ते जाम खडूस असतात. एकीला फोन केला तर पहिलं वाक्य, "जागा नाही माझ्याकडे." दुसरं, "तुम्ही रोज ड्रेसिंगला येणार का? मग बोला." मेडिकलवाल्याकडे उधारी साचलेली, गाडीत कायम वास, कपड्यांवर केस. पैसे द्यायचे म्हटलं तर म्हणाली मला नको, दवाखान्यात जाऊन बिल भरा आणि बिलावर कुत्र्याची केस लिहून घ्या. गोड बोलायला तिला वेळच नाही. माझा तर आता उलटा हिशोब झालाय, पहिल्याच फोनला "ताई काळजी करू नका" म्हणाला की मला काळजी वाटते.

पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. फसवणुकीला आता 420 नाही, नवीन कायद्यात 318 आहे, ही पण नवीन माहिती. फॉर्मवर नुकसानीच्या रकान्यात 41,500 लिहिलं. बंड्या कुठल्या रकान्यात लिहायचा ते काही कळलं नाही, म्हणून मी मागच्या बाजूला पेनने लिहून आले, तांबूस, नर, पाच वर्षं, डाव्या पायाला पांढरा मोजा. त्याचा आजपर्यंत पत्ता नाही. मुलगा सुरुवातीला रोज विचारायचा, आता विचारत नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून सगळं सांगितलं. 16,000 परत करते म्हटलं तर बहुतेकांनी राहू दे म्हटलं, दोघांनी घेतले. घेतले ते बरोबरच केलं त्यांनी.

ते होल्ड झालेले 3,500 लोक अदालतीत अर्ज केल्यावर बऱ्याच महिन्यांनी परत आले. त्याच आठवड्यात गेटजवळच्या कुत्रीच्या मानेत जखम, त्यात किडे पडलेले. ह्या वेळी आधी 1962. ते आले, जखम साफ केली, इंजेक्शन दिलं, एक पैसा घेतला नाही. पुढचं ड्रेसिंग त्या खडूस बाईने शिकवलं, आणि दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं ते मी आणि समोरच्या काकू घेऊन गेलो, रिक्षात, गोणपाट अंथरून, काकूंनी तिचं तोंड ओढणीने बांधून मांडीवर धरलेलं. त्यांची काठी घरीच होती. बिल माझ्या हातात, डॉक्टरांची सही-शिक्का असलेलं. रिक्षावाल्याने 60 रुपये जास्त घेतले, सीट पुसायचे म्हणाला.