ग्रीक ओरेगॅनो घ्यावा की रानटी मार्जोरम?

आधी एक गोष्ट क्लिअर करूया, ही दोन्ही झाडं एकाच जातीची आहेत, ओरिगॅनम वल्गेअर, फरक फक्त उपप्रकाराचा, पण स्वयंपाकात तो एवढा जाणवतो की एकाच्या जागी दुसरं टाकलं तर सॉसची चवच बदलते.

मुख्य उपयोग जेवणात करायचा असेल तर डोळे झाकून ग्रीक घ्या, म्हणजे हिर्टम उपप्रकार. पानं लवदार, फुलं पांढरी, आणि ताजं पान चावलं की आधी तिखट-कडवट लागतं, मग जिभेचं टोक चुरचुरतं आणि थोडं बधिर होतं. हे काम कारवॅक्रॉलचं, म्हणजे पानातल्या तेलातल्या एका तिखट घटकाचं, जोडीला कमीजास्त थायमॉल हा दुसरा घटक, तोच ओव्यातही असतो म्हणून वास ओळखीचा वाटतो. वाळवल्यावर तर हा अजून खुलतो, ताजी पानं ३ चमचे लागतात तिथे वाळलेली १ चमचा बास, आणि सॉसमध्ये सुरुवातीलाच टाकली तरी चव टिकते.

रानटी मार्जोरम दिसायला जास्त सुंदर, गुलाबी-जांभळी फुलं, लालसर दांडे, फुलांवर आलं की मधमाश्या आणि फुलपाखरं हटत नाहीत. कारवॅक्रॉल सहसा अगदी कमी त्यामुळे चव सौम्य, चहात किंवा सॅलडमध्ये छान, पिझ्झावर मात्र फिकं पडतं. फक्त बागेसाठी हवं असेल तर मी हेच लावेन. (नुसतं मार्जोरम म्हणतात तो मरवा यातला नाही, तो ओरिगॅनम मेजोराना, गोडसर, कडाक्याची थंडी न सोसणारा.)

औषध म्हणून दोन्हींचा काढा खोकला आणि पोटफुगीवर पूर्वापार घेतात. कारवॅक्रॉल जंतू मारतं हे लॅबमध्ये दिसलंय पण माणसांवरचे पुरावे तोकडेच आहेत, म्हणून अँटिबायोटिकऐवजी ओरेगॅनो ऑइल घ्या असं कुणी सांगितलं तर प्लीज ऐकू नका. ते तेल फार तीव्र असतं, नुसतं कातडीला लागलं तरी आग होते, आणि गरोदरपणात किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. तुळस-पुदिन्याच्या कुळाची अ‍ॅलर्जी असेल तर दोन्ही टाळा.

रोप घेताना लेबलवर जाऊ नका, पान चुरगाळून वास घ्या. बियांपासून आलेली रोपं एकसारखी निघत नाहीत, त्यापेक्षा चांगल्या झाडाची फांदी लावलेली बरी, आणि वाळवायला कापायचं ते फुलं उमलायला लागली की, पानांत तेल तेव्हाच जास्त असतं.