रसायनांचा एक पुरवठादार आणि त्याची कागदपत्रे

रसायनांच्या पुरवठादाराविषयी मत देताना बहुतेक जण भावापासून सुरुवात करतात. मी कागदांपासून करतो, कारण भोसरीतील आमच्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूच्या भागांवर मुलामा चढवण्याच्या, कारखान्यात खरेदी आणि हिशेब ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत. निकेल सल्फेट हा मुलाम्याला लागणारा क्षार किलोमागे थोडा महाग पडला तर ते सोसता येते. पण खरेदी आदेश, चलन, बिल आणि बॅचचा तपासणी दाखला यांचा एकमेकांशी मेळ बसला नाही, तर वर्षअखेरीस कोणीच उत्तर देऊ शकत नाही. ज्या व्यापाऱ्याविषयी लिहीत आहे त्याच्याशी आमचा व्यवहार चालू असल्यामुळे त्याचे नाव देत नाही.

त्याची सर्वांत जमेची बाजू म्हणजे निकेल सल्फेट आणि क्रोमिक आम्लाच्या बिलावर आमच्या खरेदी आदेशाचा क्रमांक, एचएसएन संकेतांक (जीएसटीसाठी मालाचा वर्ग दाखवणारा आकडा) आणि उत्पादकाचा बॅच क्रमांक असे तिन्ही छापलेले असतात आणि त्याच बॅचचा तपासणी दाखला माल पोहोचण्याआधी ई-मेलने येतो. याचे मोल बाथ, म्हणजे मुलामा चढवण्याचे द्रावण, बिघडल्यावर कळते. निकेलच्या बाथमध्ये तांबे किंवा जस्त शिरले की कमी करंट पोहोचणाऱ्या खोबणींत मुलामा काळपट पडतो. अशा वेळी दोष क्षाराचा, ॲनोडचा (द्रावणात टांगलेल्या निकेलच्या तुकड्यांचा) की बाथमध्ये पडून राहिलेल्या पितळी भागाचा, हे ठरवायचे तर कोणत्या दिवशी कोणत्या बॅचची गोणी फोडली याची नोंद हाताशी लागते. आवक रजिस्टरमध्ये बॅचसाठी स्वतंत्र रकाना आखून त्यापुढे दाखल्याच्या धारिकेचा क्रमांक लिहिण्याची पद्धत मी या पुरवठादारामुळेच नेटाने चालवू शकलो.

जीएसटीच्या बाबतीतही तक्रारीला जागा नाही. त्याची बिले त्याच्या जीएसटी विवरणात वेळेवर भरली जातात आणि दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होणाऱ्या 2बी विवरणात, म्हणजे आमच्या खरेदीवरील कराच्या यादीत, ती दिसतात. पैसे 180 दिवसांत चुकते न केल्यास खरेदीवरील कराचे घेतलेले क्रेडिट (वजावट) परत करावे लागते, म्हणून मी देय तारीख बिलावरच लाल शाईने लिहितो. त्याच्या कारकुनाने मध्यंतरी बिलाखाली उद्यम क्रमांक (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) छापून पैसे 45 दिवसांत चुकते करण्याच्या नियमाचा आग्रह धरला होता. आयकराचे ते कलम सूक्ष्म व लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना लागू आहे, निव्वळ व्यापाऱ्याला नाही, हे त्याच्या ध्यानात आलेले नसावे.

उणिवा हायड्रोक्लोरिक आम्लापासून सुरू होतात. ते पुन्हा भरलेल्या कार्बॉयमधून, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या कॅनमधून, येते, बिलावर केवळ ‘कमर्शियल’ असा उल्लेख असतो, आणि तीव्रता 30 टक्के की 33 टक्के हे आम्हीच टायट्रेशन (द्रावणाची तीव्रता मोजण्याची चाचणी) करून रजिस्टरमध्ये लिहितो. घातक रसायनांविषयीच्या 1989 च्या नियमांत सुरक्षा माहितीपत्रकाची तरतूद आहे. इथे ते मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मिळते ते इंग्रजीत, म्हणजे प्रत्यक्ष आम्ल ओतणाऱ्या कामगाराच्या उपयोगाचे नाही. कार्बॉयची अनामत बिलात न दाखवता हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर दिली जाते, हे मला सर्वांत खटकते. रसायन लागलेली रिकामी भांडी 2016 च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येतात. ती पुरवठादाराकडे परत गेली की कारखान्यातच राहिली, हे अशा चिठ्ठ्यांवरून सिद्ध करणे कठीण आहे. त्यामुळे मी परतीचे वेगळे चलन छापून घेतले असून त्याच्या ड्रायव्हरची सही घेतल्याखेरीज एकही कार्बॉय गाडीत चढू देत नाही.

दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावयाच्या पर्यावरण विवरणात, म्हणजे फॉर्म पाचमध्ये, कच्च्या मालाचा वापर उत्पादनाच्या प्रमाणात दाखवावा लागतो. या पुरवठादाराच्या बिलांवर निव्वळ वजन स्पष्ट असल्याने क्षारांचे आकडे सहज निघतात. आम्लाचे मात्र कार्बॉय मोजून वजन काढावे लागते. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायची असल्यामुळे तपासणी दाखलेही मी त्याच धारिकेत बिलामागे लावतो.

भाव मध्यम आहेत आणि गाडी सांगितलेल्या दिवशी येते. टँकरने आम्ल घेणाऱ्यांना हा व्यापारी उपयोगाचा नाही, त्यांनी थेट उत्पादकाकडे जावे. गोणी आणि कार्बॉयच्या हिशेबाने खरेदी करणाऱ्या लहान कारखान्यांनी मात्र त्याच्याकडून क्षार अवश्य घ्यावेत, आणि आम्ल घेणार असल्यास तीव्रता, निव्वळ वजन व अनामत बिलावरच छापण्याची अट खरेदी आदेशात आधीच लिहावी.